डिजिटल प्रतिमा संपादन

डिजिटल प्रतिमा संपादन म्हणजे संख्यांच्या स्वरूपात साठवलेल्या चित्रात किंवा छायाचित्रात संगणकाच्या अथवा भ्रमणध्वनीच्या साहाय्याने हेतुपुरस्सर बदल करण्याची प्रक्रिया होय. प्रतिमा कातरणे, सरळ करणे, तिचा उजेड व रंग सुधारणे, डाग काढणे, आकारमान बदलणे, तिच्यावर मजकूर लिहिणे, अनेक प्रतिमा एकत्र जोडणे आणि अखेरीस ती योग्य प्रकारच्या संचिकेत, म्हणजे फाइलमध्ये, जतन करणे या सर्व क्रियांचा तिच्यात समावेश होतो.

वर्तमानपत्रांची कार्यालये, छापखाने व अभिलेखागारे यांच्याप्रमाणेच ऑनलाइन अर्ज भरणारे विद्यार्थी आणि घरातील जुनी छायाचित्रे जपणारी कुटुंबे यांनाही हे काम करावे लागते. संपादनातील काही बदल परतवता येतात, तर काही कायमचे असतात. हा फरक ठाऊक असणे साधने वापरण्याच्या कौशल्याइतकेच महत्त्वाचे आहे. ज्या छायाचित्राची दुसरी प्रत नाही ते चुकून एकदा जतन केल्याने कायमचे बिघडू शकते. याउलट झाकली गेली असे समजून पाठवलेली खासगी माहिती प्रत्यक्षात उघडी राहू शकते.

इतिहास

अमेरिकेतील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली छायाचित्र संगणकात उतरवणारे यंत्र तयार केले. फिरत्या नळकांड्यावर बसवलेल्या छायाचित्राचा उजेड-अंधार हे यंत्र बिंदूबिंदूने मोजत असे. कर्श यांच्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र या यंत्राने उतरवले. ती प्रतिमा १७६ × १७६ बिंदूंची होती. १९६४ साली रेंजर ७ या यानाने पाठवलेली चंद्राची छायाचित्रे अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत संगणकाद्वारे सुधारण्यात आली.

१९७४ साली बंगळूरमध्ये जन्मलेले अभियंते नासिर अहमद तसेच टी. नटराजन व के. आर. राव यांनी डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म ही गणिती पद्धत प्रसिद्ध केली. पुढे १९९२ साली मान्य झालेले जेपेग हे मानक याच पद्धतीवर आधारलेले आहे. १९७५ साली कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी डिजिटल कॅमेऱ्याचा नमुना बनवला. त्याचे वजन सुमारे ३.६ किलोग्रॅम होते आणि एक कृष्णधवल प्रतिमा कॅसेटवर नोंदवण्यास त्याला २३ सेकंद लागत.

थॉमस नोल व जॉन नोल या बंधूंनी १९८७ साली विकसित करण्यास सुरुवात केलेली संगणकप्रणाली अडोबी कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉप या नावाने बाजारात आणली. १९९४ सालच्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीत थरांची, म्हणजे लेयरची, सोय आली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९५ साली गिंप या प्रणालीचे काम सुरू केले. गिंप ही मुक्त स्रोत प्रणाली असून ती विनामूल्य उपलब्ध आहे.

डिजिटल प्रतिमेची रचना

डिजिटल प्रतिमा ही पिक्सेल नावाच्या चौकोनी बिंदूंची जाळी असते. प्रत्येक पिक्सेलचा रंग लाल, हिरवा व निळा या तीन घटकांच्या प्रमाणावरून ठरतो. नेहमीच्या आठ-बिट प्रतिमेत प्रत्येक घटकाला ० ते २५५ यांपैकी एक मूल्य असते. त्यामुळे एकूण १,६७,७७,२१६ रंगछटा दर्शवता येतात. सोळा-बिट प्रतिमेत प्रत्येक घटकासाठी ६५,५३६ पायऱ्या उपलब्ध असतात.

६००० × ४००० पिक्सेलांच्या प्रतिमेत २ कोटी ४० लाख पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलसाठी तीन बाइट धरल्यास ही प्रतिमा ७ कोटी २० लाख बाइट जागा व्यापते. इतकी मोठी माहिती साठवणे व पाठवणे गैरसोयीचे असल्याने ती लहान करण्याच्या, म्हणजेच संक्षेपणाच्या, विविध पद्धती वापरल्या जातात.

पडद्यावर प्रतिमा कितीही मोठी करून पाहिली तरी पिक्सेलांची संख्या वाढत नाही. प्रतिमा संगणकाद्वारे ‘मोठी’ केली असता मधले पिक्सेल शेजारच्या पिक्सेलांवरून अनुमानाने भरले जातात. कॅमेऱ्याने जो तपशील टिपलाच नाही तो अशा रीतीने परत मिळत नाही.

परतवता येणारे व न येणारे बदल

संपादनात माहिती नष्ट होण्याचे सर्वांत साधे उदाहरण उजेड वाढवताना दिसते. ढगाच्या कडेवरील तीन शेजारी पिक्सेलांची मूल्ये २५०, २५२ व २५५ आहेत असे मानल्यास, प्रत्येकी १० वाढवल्यावर ती २६०, २६२ व २६५ व्हायला हवीत. परंतु आठ-बिट प्रतिमेत २५५ हीच कमाल मर्यादा असल्यामुळे तिन्ही पिक्सेल २५५ होतात. नंतर उजेड १० ने कमी केला तर तिन्हींची मूल्ये २४५ होतात. मूळ फरक नाहीसा झालेला असतो आणि ढगाच्या जागी सपाट पांढरा पट्टा उरतो. काळोख्या भागात हाच प्रकार शून्याच्या बाजूला घडतो. संपादन-प्रणालीतील हिस्टोग्राम हा आलेख पिक्सेलांची मूल्ये कशी विखुरली आहेत हे दाखवतो. आलेख उजव्या वा डाव्या टोकाशी भिंतीला टेकल्यासारखा साचला असेल, तर त्या टोकाचा तपशील गमावला जात आहे असे समजावे.

तिरपे छायाचित्र सरळ करतानाही माहितीत बदल होतो. दोन-तीन अंशांनी फिरवलेल्या प्रतिमेत जुने पिक्सेल नव्या जाळीत नेमके बसत नाहीत. म्हणून प्रत्येक नवा पिक्सेल आसपासच्या पिक्सेलांची सरासरी काढून बनवावा लागतो व प्रतिमा किंचित मऊ पडते. प्रथम दोन अंश, मग अर्धा अंश उलट, मग पुन्हा एक अंश असे वारंवार फिरवल्यास हा दोष साठत जातो. यासाठी अंदाज बरोबर न आल्यास आधीची क्रिया रद्द करावी आणि मूळ प्रतिमेपासून एकदाच योग्य कोनात फिरवावे.

क्रिया रद्द करण्याची सोय, म्हणजे अनडू, ही संचिका उघडी असेपर्यंतच भरवशाची असते. बहुतेक संगणकप्रणालींमध्ये संचिका बंद केल्यावर हा इतिहास पुसला जातो. यावर उपाय म्हणून थरांचा वापर केला जातो. मूळ छायाचित्र तळाच्या थरात अबाधित ठेवून उजेड व रंग यांचे फेरफार वरच्या समायोजन-थरांत केले जातात. एखादा भाग खोडून टाकण्याऐवजी त्यावर मुखवटा, म्हणजे मास्क, चढवल्यास तो भाग केवळ दिसेनासा होतो आणि हवा तेव्हा परत आणता येतो. या पद्धतीला अविनाशी संपादन असे म्हणतात. थर टिकवण्यासाठी संचिका फोटोशॉपमध्ये पीएसडी आणि गिंपमध्ये एक्ससीएफ या प्रकारात जतन करावी लागते. जेपेगमध्ये जतन केल्यास सर्व थर एकमेकांत मिसळून सपाट होतात.

संचिकांचे प्रकार

जेपेग: छायाचित्रांसाठी सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार. मानवी डोळा उजेडातील फरक जितक्या बारकाईने टिपतो तितक्या बारकाईने रंगातील फरक टिपत नाही. म्हणून जेपेगमध्ये उजेडाची व रंगाची माहिती वेगळी करून रंगाची माहिती बहुधा कमी तपशिलाने ठेवली जाते. त्यानंतर प्रतिमेचे ८ × ८ पिक्सेलांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील ६४ मूल्यांचे सावकाश व जलद बदलणाऱ्या घटकांत रूपांतर होते. हे घटक ठरावीक संख्यांनी भागून पूर्णांकात बदलले जातात. उदाहरणार्थ, ३७ ला १० ने भागून ४ ही संख्या साठवली, तर प्रतिमा उघडताना ३७ ऐवजी ४० मिळतात. ८ ला २० ने भागल्यास शून्यच साठवला जातो आणि तो तपशील पूर्णपणे जातो. दर्जाचा आकडा जितका कमी ठेवावा तितके भाजक मोठे होतात. संपादन करून तीच संचिका पुनःपुन्हा जेपेगमध्ये जतन केल्यास ही घट दर वेळी वाढू शकते. मात्र संचिका केवळ उघडून पाहिल्याने किंवा तिची नक्कल केल्याने दर्जा घटत नाही.

पीएनजी: १९९६ साली प्रमाणित झालेला हा प्रकार माहिती न गमावता संक्षेपण करतो. तो पारदर्शकताही टिकवतो. पडद्याची छायाप्रत, म्हणजे स्क्रीनशॉट, तसेच नकाशे, आकृत्या, बोधचिन्हे आणि मजकूर असलेल्या प्रतिमा यांसाठी तो योग्य ठरतो. छायाचित्रांसाठी मात्र त्याची संचिका जेपेगच्या तुलनेत बरीच मोठी होते.

टिफ: १९८६ पासून प्रचलित असलेला हा प्रकार छपाई व अभिलेख-जतन यांसाठी वापरला जातो. यात प्रतिमा माहिती न गमावता, सोळा-बिट स्वरूपातही, साठवता येते.

जिफ: १९८७ साली आलेल्या या प्रकारात एका चौकटीसाठी जास्तीत जास्त २५६ रंग वापरता येतात. त्यामुळे तो छायाचित्रांसाठी अपुरा पडतो. हलत्या लहान चित्रांसाठी त्याचा वापर टिकून आहे.

रॉ: कॅमेऱ्याच्या संवेदकाने टिपलेली, फारशी प्रक्रिया न झालेली माहिती. प्रत्येक कॅमेरा-उत्पादकाचा रॉ प्रकार बहुधा वेगळा असतो. उजेड व रंगसंतुलन नंतर सुधारण्यास यात सर्वाधिक वाव मिळतो.

संपादनाचा क्रम

संपादनाच्या क्रियांचा क्रम परिणामकारक असतो. सर्वसाधारणपणे पुढील क्रम सोयीचा ठरतो:

१. मूळ संचिकेची नक्कल करून काम नकलेवर सुरू करावे.
२. प्रतिमा सरळ करून अनावश्यक कडा कातराव्यात.
३. एकूण उजेड व गडद-फिक्या छटांमधील अंतर ठीक करावे. त्यासाठी लेव्हल्स किंवा कर्व्हज ही साधने वापरावीत.
४. रंगसंतुलन साधावे. प्रतिमेत पांढरी वा करडी असायला हवी अशी वस्तू, उदाहरणार्थ कागद वा सिमेंटची भिंत, आधाराला घेता येते.
५. डाग, धूळ, ओरखडे यांसारखे स्थानिक दोष दूर करावेत.
६. थरांसहित कार्यसंचिका जतन करावी.
७. कामाच्या गरजेनुसार आकारमान बदलावे व त्यानंतर रेखीवपणा, म्हणजे शार्पनेस, वाढवावा.
८. तयार प्रत वेगळ्या नावाने निर्यात करावी.

रेखीवपणा शेवटी वाढवण्याचे कारण असे की, हे साधन कडांवरील उजेड-अंधाराचा फरक वाढवते आणि किती वाढ योग्य हे अंतिम आकारमानावर अवलंबून असते. मोठ्या प्रतिमेत आधी वाढवलेला रेखीवपणा ती लहान केल्यावर अपुरा किंवा कर्कश वाटू शकतो. अतिरेक झाल्यास कडांभोवती पांढरट वलये दिसू लागतात.

आकारमान आणि मुद्रण

पडद्यासाठी प्रतिमेचे पिक्सेल महत्त्वाचे असतात. छपाईत त्याबरोबर एका इंचात किती पिक्सेल बसवले जातात हेही पाहावे लागते. हातात धरून वाचायच्या छापील साहित्यासाठी इंचाला ३०० पिक्सेल हे प्रमाण सामान्यतः वापरतात. त्यानुसार ४ × ६ इंचांच्या छायाचित्रासाठी १२०० × १८०० पिक्सेल, तर पूर्ण ए-४ पानासाठी सुमारे २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. ३५ × ४५ मिलिमीटरच्या ओळखपत्र-छायाचित्रासाठी सुमारे ४१३ × ५३१ पिक्सेल पुरतात. लांबून पाहायच्या फलकांसाठी इंचामागे कमी पिक्सेल चालतात.

संचिकेतील ‘७२’ किंवा ‘३००’ हा इंचामागील पिक्सेलांचा आकडा केवळ बदलल्याने प्रतिमेत सुधारणा होत नाही. ८०० × ६०० पिक्सेलांच्या प्रतिमेपुढे ३०० हा आकडा लिहिला तर ती सुमारे २.७ × २ इंच आकारात छापली जाईल, इतकाच त्याचा अर्थ असतो.

ऑनलाइन अर्जांमध्ये छायाचित्रासाठी २० ते ५० किलोबाइट अशी मर्यादा अनेकदा आढळते. अशा वेळी ४००० × ३००० पिक्सेलांच्या छायाचित्राचा केवळ दर्जा खाली आणल्यास चेहऱ्यावर चौकोनी ठोकळे उमटतात. प्रथम चेहरा व खांदे येतील असे कातरून, मागितलेल्या पिक्सेलांपर्यंत आकारमान कमी करावे आणि मग दर्जाचा आकडा हळूहळू उतरवत मर्यादेत बसवावे. लांबी व रुंदी दोन्ही निम्मी केल्यास पिक्सेलांची संख्या एक चतुर्थांश होते. त्यामुळे दर्जा फारसा न घटवताही संचिका पुरेशी लहान होऊ शकते. आकारमान बदलताना लांबी-रुंदीचे गुणोत्तर बांधून ठेवावे, अन्यथा चेहरा लांबट वा पसरट दिसतो.

पडद्यावर रंग लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशातून तयार होतात. छापखान्यात मात्र निळसर, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार शाया वापरल्या जातात. पडद्यावर दिसणारे काही झगझगीत निळे व हिरवे रंग या चार शायांत उतरत नाहीत. लग्नपत्रिका, स्मरणिका किंवा दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ छापण्यापूर्वी चार रंगांतील रूप पडद्यावर तपासावे व शक्य असल्यास छापील नमुना मागवावा. पानाच्या कडेपर्यंत जाणारी प्रतिमा कापणीच्या रेषेबाहेर सुमारे ३ मिलिमीटर वाढवलेली असावी.

जुनी छायाचित्रे व कागदपत्रे

जुन्या छायाचित्रांच्या बाबतीत स्कॅन करण्याची पायरी निर्णायक असते. ३५ मिलिमीटर फिल्मवरील निगेटिव्हची चौकट ३६ × २४ मिलिमीटरची असते. इंचाला ३०० पिक्सेल या प्रमाणात ती स्कॅन केल्यास सुमारे ४२५ × २८३ पिक्सेलच मिळतात. २४०० या प्रमाणात सुमारे ३४०० × २२६८ पिक्सेल मिळतात. लहान छापील छायाचित्रांसाठी ६०० हे प्रमाण उपयुक्त ठरते. कृष्णधवल छायाचित्रेही रंगीत पद्धतीने स्कॅन करावीत. पिवळे डाग व शाईच्या खुणा रंगावरून वेगळ्या ओळखता येत असल्याने पुढील सुधारणा सोपी होते.

पिवळ्या पडलेल्या कागदावरील काळा मजकूर स्वच्छ करण्यासाठी प्रतिमेचे लाल, हिरवे व निळे घटक स्वतंत्रपणे पाहावेत. पिवळा रंग लाल घटकात फिका, तर निळ्या घटकात गडद दिसतो. साहजिकच लाल घटकापासून बनवलेल्या कृष्णधवल प्रतिमेत कागदाचा पिवळेपणा व तपकिरी डाग पुष्कळसे विरतात आणि अक्षरे उठून दिसतात. मोडी लिपीतील दस्तऐवज, जुन्या वह्या व पत्रे वाचताना ही रीत उपयोगी पडते. मात्र फिकट झालेल्या तपकिरी शाईला लाल घटक पुसट करतो. तेथे निळा घटक तपासून पाहणे इष्ट ठरते. वाचनासाठी अशी प्रत वेगळी काढावी. जतनाची प्रत कागदाच्या मूळ रंगासह अबाधित ठेवावी.

यंत्र-शिक्षणावर आधारित साधने अस्पष्ट चेहरे रेखीव करून दाखवतात व कृष्णधवल चित्रांत रंग भरतात. हा तपशील मूळ छायाचित्रातून आलेला नसतो. इतर असंख्य छायाचित्रांवरून केलेले ते अनुमान असते. त्यामुळे आजोबांच्या धूसर छायाचित्रातून मिळालेला स्पष्ट चेहरा प्रत्यक्षात दुसऱ्याच कोणाच्या वळणाचा असू शकतो आणि पागोट्याचा भरलेला रंग खरा असेलच असे नाही. अशा प्रतीवर तसा उल्लेख करणे व मूळ स्कॅन तिच्यासोबत ठेवणे आवश्यक आहे. काही वर्षांनी मूळ प्रत उरली नाही, तर पुढील पिढी अनुमानालाच पुरावा समजण्याची शक्यता असते.

प्रतिमेवरील देवनागरी मजकूर

देवनागरी लिपीत अक्षरांचा उच्चारक्रम व दृश्य क्रम काही ठिकाणी भिन्न असतो. ‘कि’ लिहिताना ‘क’ आधी टंकित होतो, परंतु वेलांटी त्याच्या डावीकडे दिसते. जोडाक्षरांत व्यंजनांची रूपे बदलतात. ही मांडणी करण्याची क्षमता संपादन-प्रणालीत नसल्यास किंवा तिची सेटिंग योग्य नसल्यास वेलांटी चुकीच्या जागी जाते व जोडाक्षरे तुटून हलन्त चिन्हे उघडी पडतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये यासाठी मजकुराच्या पसंतींत वर्ल्ड-रेडी लेआउट हा पर्याय निवडावा लागत असे. गिंपमध्ये ही मांडणी अंगभूत असते. मजकूर युनिकोडमध्ये टंकित करावा. युनिकोडपूर्व फाँटमध्ये देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. युनिकोडमधील मुक्त स्रोत फाँटांत एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा मुक्त आणि आयआयटी मुंबईचा शोभिका यांचा समावेश होतो.

देवनागरी मजकूर मांडताना पुढील बाबी लक्षात घ्याव्यात:

• मात्रा, रफार व अनुस्वार शिरोरेषेच्या वर आणि उकार खाली येत असल्याने ओळींमध्ये रोमन लिपीपेक्षा अधिक अंतर ठेवावे.
• अक्षरांमधील अंतर वाढवल्यास शिरोरेषा तुटते. मजकूर रुंद करायचा असल्यास रुंद फाँट निवडावा.
• प्रतिमा लहान केल्यावर किंवा कमी दर्जाच्या जेपेगमध्ये अनुस्वार पुसला जाऊ शकतो. ‘चिंता’ या शब्दाची ‘चिता’ आणि ‘नंदी’ या शब्दाची ‘नदी’ होण्यास एक टिंब जाणे पुरेसे असते.
• छायाचित्रावरील अक्षरे स्पष्ट दिसण्यासाठी पार्श्वभूमी व अक्षरे यांच्या उजेडात पुरेसा फरक हवा. गरज पडल्यास अक्षरांमागे एकरंगी पट्टी द्यावी.
• कार्यसंचिकेत मजकुराचा थर संपादनयोग्य ठेवावा. थर सपाट केल्यावर शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त करण्यासाठीही सर्व काम पुन्हा करावे लागते.

मजकूर प्रतिमेत मिसळल्यावर तो संगणकाच्या दृष्टीने मजकूर राहत नाही. त्याचा थेट शोध घेता येत नाही, त्याची नक्कल करून दुसरीकडे चिकटवता येत नाही आणि दृष्टिहीन व्यक्ती वापरतात ती पडदा-वाचक प्रणाली तो खात्रीने वाचू शकत नाही. पाणीपुरवठा, लसीकरण, परीक्षा यांविषयीच्या सूचना अनेकदा केवळ चित्ररूपाने पाठवल्या जातात. चित्रासोबत तोच मजकूर युनिकोडमध्ये दिल्यास ही अडचण दूर होते. संकेतस्थळावर प्रतिमेला पर्यायी मजकूर जोडण्याची सोय याच कारणासाठी असते.

माहिती झाकणे

छायाचित्रे जपताना बदल परतवता येणे हिताचे असते. खासगी माहिती झाकताना मात्र बदल परतवता न येणे आवश्यक असते. २००७ साली इंटरपोलने बालकांवरील अत्याचाराच्या प्रकरणातील एका संशयिताची छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्याने आपला चेहरा भोवऱ्यासारखा पिळून ओळख लपवली होती. पिळण्यात पिक्सेलांच्या केवळ जागा बदलतात, त्यामुळे जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी उलट दिशेने पिळून चेहरा उघड केला आणि संशयितास अटक झाली. २०२३ साली गूगल पिक्सेल भ्रमणध्वनींच्या चित्र-संपादन साधनातील एक त्रुटी उघडकीस आली. या त्रुटीमुळे कातरलेल्या स्क्रीनशॉटचा वगळलेला भाग जुन्या संचिकेच्या अवशेषांतून काही प्रमाणात परत मिळवता येत होता. ही त्रुटी नंतर दूर करण्यात आली.

हायलाइटरसारख्या अर्धपारदर्शक साधनाने काळे केलेल्या अंकांचे पिक्सेल डोळ्यांना सारखेच काळे दिसतात. तथापि त्यांच्या मूल्यांत थोडा फरक उरतो व उजेड वाढवताच अंक दिसू लागतात. अंक व अक्षरे धूसर करणेही पुरेसे सुरक्षित नसते, कारण शक्य त्या अंकांना तशाच प्रकारे धूसर करून जुळवून पाहता येते. पीडीएफमध्ये मजकुरावर काळा आयत ठेवल्यास खालचा मजकूर तसाच राहतो व तो निवडून नक्कल करता येतो. यासाठी पूर्ण अपारदर्शक एकरंगी चौकोनाने भाग झाकावा, थर सपाट करावेत, नवी संचिका निर्यात करावी व तीच पाठवावी. आधारपत्राच्या बाबतीत पहिले आठ अंक झाकलेली मास्क्ड आधार प्रत भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळते. स्वतः अंक झाकण्यापेक्षा ती वापरणे अधिक सुरक्षित असते.

प्रतिमेच्या संचिकेत एक्झिफ नावाची माहितीही साठवलेली असते. छायाचित्र घेतल्याची तारीख व वेळ, कॅमेऱ्याचे नाव, आणि स्थाननोंद सुरू असल्यास अक्षांश-रेखांशही तिच्यात येतात. घराचे वा लहान मुलांचे छायाचित्र सार्वजनिक करण्यापूर्वी ही नोंद काढून टाकावी. घरी जपायच्या मूळ प्रतीत मात्र ती राहू द्यावी, कारण पुढे छायाचित्राचा काळ व स्थळ तिच्यावरूनच कळते.

प्रामाण्य

‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाच्या फेब्रुवारी १९८२ च्या अंकात गिझाच्या पिरॅमिडांचे आडवे छायाचित्र उभ्या मुखपृष्ठावर बसवण्यासाठी दोन पिरॅमिड संगणकाद्वारे एकमेकांजवळ आणले गेले. त्यावर टीका झाली आणि वृत्त-छायाचित्रांत कोणते बदल क्षम्य मानावेत ही चर्चा सुरू झाली. उजेड व रंगांचे माफक समायोजन आणि आशय न बदलणारी कातरणी सामान्यतः मान्य केली जाते. छायाचित्रातील व्यक्ती वा वस्तू घालणे, काढणे किंवा हलवणे वृत्त-छायाचित्रणात अमान्य आहे. केवळ कातरूनही अर्थ पालटू शकतो. गर्दीचा एक तुकडा दाखवून सभा भरगच्च भासवता येते व रिकामी खुर्ची निवडून ती ओस पडलेली दाखवता येते.

प्रतिमेचा उगम व तिच्यात झालेले बदल संचिकेतच नोंदवण्यासाठी २०२१ साली अडोबी, बीबीसी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आदींनी सीटूपीए हा संयुक्त गट स्थापन केला. त्याच्या मानकानुसार ही नोंद सांकेतिक स्वाक्षरीने बांधलेली असते. तथापि, नोंद नसणे म्हणजे प्रतिमा खोटी असणे नव्हे. वादग्रस्त प्रसंगी असंपादित मूळ संचिका हा महत्त्वाचा आधार ठरतो.

साठवण

मूळ प्रतिमा, थरांसहित कार्यसंचिका आणि तयार प्रती यांसाठी तीन स्वतंत्र फोल्डर ठेवल्यास चुकून मूळ प्रतीवर जतन होण्याचा धोका कमी होतो. मूळ प्रतींचे फोल्डर केवळ-वाचनीय करता येते. संचिकेच्या नावाच्या आरंभी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहिल्यास, उदाहरणार्थ ‘२०१९-०८-०५-पूर-सांगली’, संचिका नावानुसार लावल्या तरी कालक्रमाने दिसतात. ‘अंतिम’, ‘खरेच अंतिम’ अशा नावांऐवजी आवृत्तीचा क्रमांक देणे अधिक स्पष्ट असते.

संदेशवहनाच्या अनेक अॅपवर छायाचित्र म्हणून पाठवलेली प्रतिमा आपोआप लहान केली जाते व तिचे पुन्हा संक्षेपण होते. मूळ संचिका पोहोचवायची असल्यास ती दस्तऐवज म्हणून पाठवावी. भ्रमणध्वनी बदलताना केवळ संदेशांतून परत मिळवलेल्या प्रतींवर विसंबल्यास मूळ दर्जा कायमचा गमावला जातो.

प्रतींच्या सुरक्षिततेसाठी ३-२-१ हा नियम सांगितला जातो. त्यानुसार एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी. संगणकाशेजारीच ठेवलेली हार्ड डिस्क आग, पूर किंवा चोरीत संगणकासोबतच जाते. मेघसंचयाशी आपोआप जुळणारे फोल्डर ही एकमेव राखीव प्रत मानू नये, कारण एका उपकरणावर पुसलेली संचिका इतर उपकरणांवरूनही पुसली जाऊ शकते. राखीव प्रती अधूनमधून उघडून तपासाव्यात.

हेही पहा

• पिक्सेल
• जेपेग
• युनिकोड
• देवनागरी
• छायाचित्रण
• मोडी लिपी